सामुद्रधुनी

आमच्या सरांना बोट लागायची. यात हसण्यासारखं काही नाही, भल्याभल्यांना लागते. पण सर समुद्राचे तज्ज्ञ होते. महासागरांचं आंतरराष्ट्रीय राजकारण हा त्यांचा विषय, त्याच्यावरच त्यांची पीएचडी, आणि आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत पाय ठेवायचा म्हटलं की त्यांचा चेहरा शेवाळी व्हायचा. ती खाडी ओलांडायला एक चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ लागतो. सर तेवढ्यासाठी तळा, म्हसळा करत डोंगरातून सगळा वळसा घालून पलीकडे पोचायचे आणि उतरल्यावर सांगायचे, "समुद्र जमिनीवरूनच नीट दिसतो. पाण्यावर गेलं की नुसतं पाणी दिसतं."

मी त्यांच्या हाताखाली राज्यशास्त्र शिकवायला लागले तेव्हा तासिका तत्त्वावर होते. आगरदांड्याच्या अलीकडच्या एका गावात आमचं छोटंसं कॉलेज. विभागात दोनच माणसं, विभागप्रमुख म्हणजे सर आणि विभाग म्हणजे मी. मुलांनी त्यांचं नाव सामुद्रधुनी ठेवलं होतं. अरुंद, आणि सगळ्यांची ये-जा त्यांच्यातूनच. रजेचा अर्ज असो, खडूचा खोका असो, नाहीतर परीक्षेचे पेपर असोत, त्यांच्यातून पार झाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, आणि पार होताना दोन्ही बाजूंना खरचटायचं.

वर्गात त्यांचा पहिला प्रश्न दरवर्षी तोच असायचा. भिंतीवरच्या नकाशाला छत्रीचं टोक लावून विचारायचे, "अरबी समुद्र कुठं संपतो?"

एखादं पोरगं बिचकत म्हणायचं, "सर, मालवणला?"

सरांना हे उत्तर फार आवडायचं. डोळे मिटून, दुखल्यासारखं हसायचे. मग म्हणायचे, "मालवणला तुझी सहल संपते. समुद्र कुठंच संपत नाही. तो कुठं संपवायचा हे दूरवर बसलेली माणसं ठरवतात. समुद्र सापडत नसतो, ठरवावा लागतो." आणि मग त्यांचं लाडकं वाक्य यायचं. "आधी नाव येतं, मागून नावा येतात." या कोटीवर ते स्वतः थांबायचे, हशा येण्यासाठी जागा सोडायचे. कोळ्यांची मुलं मागच्या बाकावरून शांतपणे बघत राहायची. त्यांच्या घरी नाव आधी यायची, मग तिला नाव ठेवायचे.

चिडून लिहितेय खरी, पण एक मान्य करायला हवं, ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकांत आशिया-पॅसिफिक असायचं आणि त्यात आपण नसायचो. मग कुणीतरी शब्द बदलला, हिंद-प्रशांत झालं, आणि आपण एकदम आत आलो. पाण्याचा थेंबही हलला नव्हता. पण परिषदा सुरू झाल्या, आरमारांचे एकत्र सराव सुरू झाले, ज्या देशांचा या पाण्याशी काडीचा संबंध नाही त्यांनीही आपापली धोरणं छापली. सर हे सगळं सांगायचे, आणि चांगलं सांगायचे. फक्त ते असं सांगायचे, की हा समुद्र त्यांना विचारून ठरवायला हवा होता आणि विचारायचं राहून गेलं.

बाकी जगाबद्दल त्यांना तुच्छताच होती. जंजिरा बघायला येणाऱ्या पर्यटकांना ते "खाडीतलं राजकारण बघायला आलेले" म्हणायचे. मासे खात नसत, मासळीला "सागरी संसाधन" म्हणायचे. खोलीची पश्चिमेची खिडकी त्यांनी खिळे मारून बंद केली होती, कारण वाऱ्यानं कागद उडतात. त्या खिडकीतून समुद्र दिसायचा.

जेवायला आम्ही दोघंही कुंदाताईंच्या खाणावळीत जायचो. कुंदाताई तळा गावाकडच्या. शेती दिराकडे सोपवून त्या मुलाच्या शिक्षणासाठी इकडे आल्या आणि जेट्टीच्या रस्त्याला चार टेबलं टाकून बसल्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गुरुवार सोडून कालवण. सरांसाठी रोज एक भाजी वेगळी. मुलगा रूपेश आमच्याच कॉलेजात शिकला, सरांचा विद्यार्थी. पुढं कोर्स करून बोटीवर लागला, इंजिनरूममध्ये. सरांबद्दल त्याला आदर होता, आणि तो खरा होता. सुट्टीवर आला की आधी आईकडे जेवायचा आणि मग सरांकडे जाऊन दोन तास ऐकून घ्यायचा.

आता हरिहरेश्वरच्या परिषदेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचं चर्चासत्र होतं, विषय बदलता हिंदी महासागर. अध्यक्ष दिल्लीचे एक मोठे अभ्यासक. ते आणि आमचे सर एकेकाळी मुंबईत एकाच गाईडकडे होते. एक दिल्लीला गेला, एक आमच्याकडे आला. सर त्यांचं नाव कधीच घेत नसत, "ते दिल्लीचे" म्हणायचे, जसं घरात वाटणीवरून तुटलेल्या भावाबद्दल म्हणतात. आम्ही सगळे फेरीबोटीनं गेलो. सर वळशानं आले, उद्घाटन संपल्यावर पोचले, आणि आपल्यासाठी कुणी थांबलं नाही याचा राग धरूनच व्यासपीठावर चढले.

पण त्या दिवशी ते बोलले सुंदर. तांबड्या समुद्रात तेव्हा जहाजांवर ड्रोनचे हल्ले होत होते. त्या समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेब नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. सर म्हणाले, "तांबड्या समुद्राचा प्रदेश या दाराशी संपतो. दाराबाहेर हिंदी महासागराचं अंगण आहे." टाळ्या पडल्या. दिल्लीच्यांनी मान डोलावली. पुढं परिषदेचे निबंध इंग्रजीत पुस्तकरूपानं निघाले. पुस्तकावर संपादक म्हणून दिल्लीच्यांचं नाव होतं, सरांचा निबंध आत कुठंतरी शेवटाकडे. सरांनी त्याच्या पाच प्रती विकत घेतल्या आणि एक प्राचार्यांच्या टेबलावर अशी ठेवली, की ती उचलल्याशिवाय फायली दिसणार नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रूपेशचा आईला फोन आला. बोट एडनच्या आखाताकडे निघाली होती. तांबड्या समुद्रात शिरणार नव्हती, दाराच्या अलीकडच्याच एका बंदरात माल उतरवणार होती. तरी बोटीवर सगळे घाबरले होते. वाटेत ओमानमधल्या सलाला बंदरात थांबणार होते, तिथं उतरून घरी यावं असं त्याच्या मनात होतं. धोक्याच्या प्रदेशात जायला नकार दिला तर कंपनीला माणूस स्वखर्चानं घरी पाठवावा लागतो. पण कॅप्टन म्हणत होता, की हा तो प्रदेशच नव्हे. उतरायचं तर स्वतःच्या पैशानं उतर, आणि कामाला नकार दिला असा शेरा लागेल.

कुंदाताईंनी सरांच्या ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, "सर, त्या एडनच्या तिकडं धोका हाय का? रूपेश उतरू का म्हणतोय."

सरांनी ताट बाजूला सरकवलं. पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून टेबलावर नकाशा काढला. "हे दार. दाराच्या आत तांबडा समुद्र, तिथं धोका. तो कुठं आहे? दाराच्या बाहेर. त्याला सांगा, सरांचा निबंध वाच म्हणावं."

"म्हंजी ऱ्हाऊ दे म्हणता?"

"अहो, शास्त्रीयदृष्ट्या तो त्या प्रदेशात नाहीच आहे."

मी समोरच बसले होते. मी म्हटलं, "सर, ड्रोनला हे माहीत असेल का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या महिन्यातले माझे तास कमी होणार हे मला कळलं.

कुंदाताईंनी तिथूनच फोन लावला. "सर म्हणतात तिकडं काय न्हाय. ऱ्हा." रूपेश राहिला.

बोटीला ड्रोन धडकला तो आखातात, दारापासून बऱ्याच अलीकडे. मागचा भाग पेटला. रूपेश वाचला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, बोटं आखडली, आणि उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. महिनाभर परदेशातल्या इस्पितळात काढून तो घरी आला तेव्हा कुंदाताई त्याच्या डाव्या बाजूला बसून त्याला भरवत होत्या. पुन्हा बोटीवर जायचा दाखला त्याला मिळणार नव्हता.

सर त्याला भेटायला आले. मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. खुर्चीवर बसले, त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हाताकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "याचा अर्थ प्रदेश विस्तारला."

रूपेशनं डावा कान पुढं करून विचारलं, "काय म्हणालात, सर?"

आणि सरांनी ते वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हटलं.

रूपेशनं एक वकीलबाई धरल्या आणि भरपाईचा दावा अलिबागला लागला. करारात लिहिलं होतं, की तांबडा समुद्र आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशात युद्धजन्य हल्ल्यात इजा झाली तर कंपनी वेगळी, मोठी भरपाई देईल. इतरत्र झाली तर साधा अपघात. सगळं भांडण त्या "लागून असलेल्या" शब्दांवर आलं. कंपनीच्या वकिलानं लेखी म्हणणं दिलं, की अभ्यासकांच्या मते तो प्रदेश बाब-अल-मंदेबच्या दाराशी संपतो आणि बाहेर हिंदी महासागराचं अंगण आहे. एडनचं आखात म्हणजे अंगण. सबब साधा अपघात.

रूपेशनं ते खाणावळीत वाचून दाखवलं. सरांचा घास हातात राहिला. चेहऱ्यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

"उद्धृत केलंय," ते म्हणाले. "शब्दशः."

कुंदाताई पदराला हात पुसत पुढं आल्या. "सर, तुमचंच हाय ना ते? मग तुम्ही लिहून द्या, चुकलं म्हणून. वकीलबाई म्हणत्यात, तेवढं दिलं तर पोराचं काम हुईल."

"कुंदाताई, ते चुकलेलं नाही. त्या वेळच्या परिस्थितीत ते बरोबर होतं. विधान असं मागं घेता येत नाही."

"का न्हाय घेता येत?"

"विद्वत्तेचे काही नियम असतात."

जन्मभर ज्या माणसानं मुलांना सांगितलं, की समुद्रावरच्या रेषा माणसं काढतात आणि माणसंच पुसतात, त्याला स्वतःची एक रेषा बोटभर हलवता येईना. मी दोन-तीनदा बोलले. एकदा भांडलेही. त्यांनी मला संशोधनाची शिस्त या विषयावर व्याख्यान दिलं. कुंदाताईंनी त्यांचं जेवण बंद केलं नाही. वेगळी भाजी रोज होत राहिली. फक्त ताट ठेवताना त्या बोलायच्या नाहीत, आणि सर समजत होते की त्या थकल्या असतील.

मग एका रविवारी रूपेश त्या लेखी म्हणण्याची पूर्ण प्रत घेऊन माझ्याकडे आला. इंग्रजी अवघड होतं, वकीलबाईंच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायची होती. वाचता वाचता मी त्या वाक्याखालच्या तळटिपेशी आले आणि थांबले. वकिलानं पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून नाव उचललं होतं. वाक्य सरांचं, पण खाली नाव दिल्लीच्यांचं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते पान सरांपुढं ठेवलं. त्यांनी वाक्य वाचलं, हसले, मग टीप वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे त्यांचं वाक्य नाही," ते म्हणाले.

"कोर्टात त्यांचंच झालंय, सर."

"सुनावणी कधी आहे?"

अलिबागला ते आमच्याबरोबर एसटीनं आले. वकीलबाईंनी त्यांना जाणकार म्हणून उभं केलं तेव्हा मला पुढचं दिसायला लागलं. हा माणूस वाक्य आपलं म्हणून सिद्ध करणार, आणि आपलं म्हणजे बरोबर असंही सिद्ध करणार. मग रूपेशचं संपलंच. मला वाटलं, मी हे काय करून बसले.

झालंही तसंच सुरू. प्रश्न विचारायच्या आतच सर सुनावणीच्या अधिकारी बाईंना म्हणाले, "आधी नोंद दुरुस्त करा. ते वाक्य माझं आहे."

कंपनीचा वकील तरुण होता आणि त्या क्षणी गप्प बसला असता तर जिंकला असता. पण त्याला वाटलं, समोरचा साक्षीदार रूपेशच्या बाजूचा, त्याला छोटा करायला हवा. पुस्तक वर धरून तो म्हणाला, "सर, पुस्तकावर नाव कुणाचं आहे ते सगळ्यांना दिसतंय. ते देशातले मान्यवर अभ्यासक आहेत. तुम्ही इथल्या एका लहान कॉलेजात शिकवता. जगात हे वाक्य त्यांचंच म्हणून ओळखलं जाईल."

सरांनी पुस्तकावरचं नाव वाचलं.

"असं?" ते म्हणाले. "मग त्यांचंच समजा. आता ते वाक्य किती अडाणी आहे ते सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं वर्गात मी त्यांना ऐकलं, पण तसं बोलताना कधीच नाही. एकेका शब्दाचं साल काढलं. म्हणाले, दार आणि अंगण ही घराची भाषा झाली, समुद्राला भिंती नसतात. दोन डोंगर जवळ आले म्हणून राजकारण तिथं थांबत नाही. आरमारं कुठं उभी आहेत ते बघा, ती दाराच्या बाहेर उभी आहेत, कारण धोका बाहेर आलाय. विमेवाले कुठं जास्त पैसे मागतात ते बघा. युरोपला जाणारी जहाजं कुठून वळून आफ्रिकेला वळसा घालताहेत ते बघा, ती दाराशी येऊन वळत नाहीत, ती आपल्या किनाऱ्यासमोरूनच वळतात. "समुद्राचा प्रदेश पाण्यानं ठरत नाही," ते म्हणाले, "भीतीनं ठरतो. एकाच भीतीनं जिथपर्यंत जहाजांची वाट बदलते, तिथपर्यंत तो एकच प्रदेश. लागून असलेला कसला, तोच. दाराशी रेघ ओढणाऱ्या माणसानं दिल्लीत बसून नकाशा पाहिला असणार. समुद्र पाहिलेला नाही."

हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चढला होता. स्वतःचंच वाक्य स्वतः असं फाडून टाकताना त्यांना जराही दुखत नव्हतं, कारण ते आता दुसऱ्याच्या अंगावर होतं.

अधिकारी बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमचं स्वतःचं मत आज काय आहे?"

"हेच," सर म्हणाले. "आणि हे माझ्या नावावर लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. वकीलबाईंनी पुढं फारसं काही विचारलं नाही, गरज नव्हती. पावसाळ्यानंतर निकाल लागला तो रूपेशच्या बाजूनं. आखात हे लागून असलेल्या प्रदेशातच येतं असं धरलं गेलं. रूपेशनं तळा गावात पंप आणि इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान काढलंय. हात साथ देत नाही तिथं दोन माणसं ठेवली आहेत, आवाजावरून बिघाड ओळखायचं काम अजून तोच करतो, डाव्या कानानं.

सर पुढं निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी स्वतःच लिहून आणलेला परिचय मला वाचायला लावला. त्यात होतं, की त्यांच्या संशोधनामुळे एका गरीब नाविकाला न्याय मिळाला. मी वाचलं. पहिल्या रांगेतली माणसं गहिवरली. त्याच आठवड्यात त्यांनी प्रकाशकाकडे तगादा लावला होता, की पुढच्या आवृत्तीत दार-अंगणाच्या वाक्याशेजारी संपादकाचं नव्हे, लेखकाचं नाव ठळक छापावं. मी त्यांना म्हटलं, "सर, ते वाक्य अडाणी आहे असं तुम्हीच शपथेवर सांगितलंय." ते म्हणाले, "अडाणी असलं तरी माझं आहे."

त्यांच्याबद्दल कुणी विचारलं, की लोकांना माझ्याकडून काहीतरी हळवं ऐकायचं असतं. वरून कडक, आतून गोड, असं काहीतरी. मी तसं सांगू शकत नाही. आतूनही ते तसेच होते. मला एवढंच सांगता येईल, की एकदा, सुनावणी संपल्यावर, त्या इमारतीच्या जिन्यात ते खरं बोलले.

आम्ही खाली उतरत होतो. सर दोन पायऱ्या पुढं होते, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. रूपेश घाईघाईनं त्यांच्यापुढं गेला आणि आखडलेला हात पोटाशी धरून वाकला. सर मागं सरकले.

"पाया पडू नकोस," ते म्हणाले. "मी तुझ्यासाठी आलो नव्हतो."

रूपेशला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, त्याची उजवी बाजू सरांकडे होती. तो वाकलेलाच राहिला. मी कुंदाताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलतील.

कुंदाताईंनी पुढं होऊन पोराला दंडाला धरून उभं केलं.

"ठाऊक हाय आमाला," त्या सरांना म्हणाल्या. "चला आता. यष्टी चुकंल."